दानियलकाकांची साक्ष

आमच्या शेजारचे दानियलकाका हाताला लागेल त्या वस्तूचं वजन करतात. त्यांच्या ओट्यावरच्या वाशाला हुकाचा एक काटा टांगलेला आहे. त्या काट्याला त्यांनी आजवर बाजरीची गोणी, गॅसची टाकी, चर्चमधली, म्हणजे आमच्या देवळातली, वाजवायची पेटी आणि एकदा पाय बांधून माझी तांबडी कोंबडी लटकवली आहे. कोंबडी पावणेदोन किलो भरली. "बसतीय," असं म्हणून काकांनी ती सोडून दिली. पुढचे चार दिवस तिनं अंडं घातलं नाही.

बसतीय म्हणजे तेवीस किलोत बसते. विमानानं परदेशी जाताना एका बॅगेत तेवीस किलो सामान नेता येतं, हे काकांना सदुसष्टाव्या वर्षी कळलं. तेव्हापासून त्यांनी देवानं सहा दिवसांत केलेल्या सृष्टीचे दोन भाग पाडले आहेत: बसणाऱ्या वस्तू आणि न बसणाऱ्या. मागं गल्लीत लग्न होतं. नवरी अंगानं भरलेली होती. सगळे अक्षता टाकत होते आणि काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सरू, हिला तीन बॅगा लागतील."

काका राहुरीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. तीस वर्षं भोंग्यावरून गाड्या पुकारल्या. माणूस निवृत्त झाला, भोंगा झाला नाही. घरात दोनच माणसं, काका आणि मार्थाकाकू. तरी काकांना चहा हवा असला की सगळ्या गल्लीला कळतं. "चहा तयार असल्यास ओट्यावर आणण्यात यावा, नोंद घ्यावी!" मग काकू आतून म्हणतात, "गाडी रद्द झालीय." आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून आहे. माझा नवरा नागापूरला कारखान्यात कामाला, सकाळी जातो तो संध्याकाळी येतो. त्यामुळे दिवसभर हा भोंगा मी एकटीच ऐकते. मला चारचौघांत बोलता येत नाही. जिला बोलता येत नाही तिला सगळे सांगायला येतात. काका येऊन एक सांगतात आणि ते गेले की काकू येऊन खरं काय ते सांगतात.

काका विमानात बसले ते मुलाकडं जायला. मुलगा प्रकाश आणि सून सुनीता मालावीत मिशनरी आहेत. मालावी आफ्रिकेत आहे. प्रकाश तिथल्या एका खेड्यात शाळेत शिकवतो आणि रविवारी उपासना चालवतो. सुनीता तिथल्या दवाखान्यात नर्स आहे. त्यांची मुलगी एस्तेर सहा वर्षांची. तिचा जन्म तिकडचाच. आपली मंडळी, म्हणजे आमच्या देवळातली सगळी माणसं, प्रकाशसाठी दर रविवारी प्रार्थना करतात आणि ते योग्यच आहे. पण प्रकाशच्या सेवेचा मान काकांनी जो स्वतःच्या अंगावर घेतला, तो बघून मला राग यायचा.

"पूर्वी गोरं मिशनरी बोटीनं आपल्याकडं आलं हुतं," काका म्हणायचे. "त्यांनी आपल्याला शाळा दिली, दवाखाना दिला. आता आमचा पोरगा मिशनरी हून दुसऱ्याच्या देशात गेला. फेड केली आमी. नोंद घ्यावी!"

आमी! देवळाच्या पायऱ्या झाडायची पाळी आली की ह्याच माणसाची कंबर धरते.

ह्या वर्षी उन्हाळ्यात दोघं पाच आठवड्यांसाठी गेले. जायच्या आधी महिनाभर बॅग भरणं चाललं होतं. काकूंनी काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, हुलग्याचं पीठ आणि बाजरीचं पीठ काढून ठेवलं. काकांनी काकूंची बॅग काट्याला टांगली, सव्वीस किलो. त्यांनी थोडा विचार केला आणि काकूंच्या साड्या बाहेर काढल्या. काकू तीन साड्यांवर परदेश बघून आल्या. काकांचा सफारी मात्र दोन्ही वेळा तेवीसात बसला.

मुंबईच्या विमानतळावर बाजरीचं पीठ बघून साहेबानं विचारलं, हे काय आहे? पीठ राखाडी, पिशवीला नाव नाही, विचारणारच. काकांची हकिकत अशी, की ते साहेबाला म्हणाले, "हे नगर जिल्ह्याचं अन्न हाय, नोंद घ्यावी," आणि साहेबानं सलाम ठोकला. काकूंची हकिकत अशी, की काकांनी पीठ विषारी नाही हे दाखवायला कोरड्या पिठाचा बकाणा तोंडात भरला. मग त्यांना ठसका लागला आणि साहेबाच्या पांढऱ्या सदऱ्यावर बाजरी उडाली. साहेबानंच पाणी दिलं. "आन वरून ह्यांनी त्यालाच सांगितलं," काकू म्हणाल्या, "की तुमच्या भोंग्यावरची बाई नाकात बोलती. मला बसवा, मी शिकवतो तिला."

मालावीत पोचल्यावर तर काकांच्या मानाला पारच उरला नाही. तिकडं म्हाताऱ्या माणसाला आगोगो म्हणतात आणि भेटल्यावर मोनी म्हणतात. मोनी म्हणजे नमस्कार. मला आधी मौनी ऐकू आलं. मी मनात म्हटलं, एवढ्या लांबच्या लोकांनीसुद्धा ह्यांना बरोबर टोमणा मारला. पण नाही, ते बिचारे साधे होते.

तिथल्या मंडळीत काकांना दोन शब्द बोलायला सांगितलं. काका अर्धा तास मराठीत बोलले. शंभर वर्षांचा इतिहास, एसटी, मुळा धरण, काहीच सोडलं नाही. प्रकाशनं शेजारी उभं राहून दोन मिनिटांत ते त्यांच्या भाषेत सांगितलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "आमचा प्रकाश थोडक्यात लई सांगतो," असं काका कौतुकानं म्हणतात. काकूंनी सुनेला विचारलं होतं, की प्रकाश नेमकं काय बोलला. प्रकाश म्हणाला होता, "माझे वडील विमानानं आले आहेत. ते फार खूश आहेत. त्यांना खूप बोलायचं आहे, पण जेवण थंड होईल."

सगळ्यात कहर नातीच्या नावाचा. परत आल्यावर काकांनी गल्लीत जाहीर केलं, की एस्तेर त्यांना 'का' म्हणते. "तिकडं लई मोठ्या मानसाला 'का' म्हनत्यात. राजाला म्हनत्यात." गल्लीतल्या बायका त्यांना आठ दिवस 'का महाराज' म्हणत होत्या आणि ते खुशाल मान हलवत होते.

खरी गोष्ट काकूंनी मला लसूण सोलता सोलता सांगितली. काका दर शनिवारी संध्याकाळी मोबाईलवर नातीला बघतात. ती जन्मल्यापासून. तिकडं रेंज जाते-येते. मग काका मोबाईल तोंडाजवळ धरून भोंग्यावर ओरडावं तसं ओरडतात, "हाय का? हाय का?" म्हणजे तुम्ही आहात का. पोरीला मराठी येत नाही. तिला इंग्रजी येतं आणि तिकडची भाषा येते. तिला वाटलं, म्हातारा आपल्याला इंग्रजीत हाय करतोय आणि पुढं स्वतःचं नाव सांगतोय. का. हाय, का! म्हणून त्यांचं नाव का.

"मी तिला सांगाया गेले, की आजोबा म्हण," काकू म्हणाल्या, "तर ह्यांनीच मला आडवलं. म्हनले, ऱ्हाऊ दे. तिनं ठिवलंय."

मी मनात म्हटलं, राजा व्हायची हौस, दुसरं काय.

आमच्या देवळात रविवारी उपासनेत साक्षीची वेळ असते. कुणाला आजारातून बरं वाटलं, कुणाचं पोर पास झालं, तर त्यानं उभं राहून देवानं काय केलं ते सांगायचं आणि बसायचं. मालावीहून आल्यावर काकांनी ती वेळ बळकावली. एका रविवारी विमानाची साक्ष, दुसऱ्या रविवारी मक्याच्या पिठाच्या उकडीची साक्ष, तिसऱ्या रविवारी मालावीच्या तळ्याची साक्ष. तळं मुळा धरणाएवढं नव्हे, मुळा धरण त्यात चूळ भरेल एवढं. एक बाई नवऱ्याची दारू सुटली म्हणून उभी राहिली होती. ती काकांचं तळं संपायची वाट बघून बघून खाली बसली. शेवटी पाळकसाहेबांनी तीन मिनिटांचा नियम केला. तीन मिनिटं झाली की पेटीवाला सूर धरायचा. काका पेटीच्याही वर आवाज चढवायचे. मी मागच्या सतरंजीवर बसून डोळे मिटायची. लोकांना वाटायचं मी प्रार्थना करते.

प्रत्येक साक्षीचा शेवट ठरलेला, "नाताळला परत जानार हाय. तिकडचा नाताळ बघून येनार. नोंद घ्यावी!" बॅग तर ते आल्यापासून भरूनच ठेवलेली होती. एस्तेरसाठी चिक्की घेतली, बॅग काट्याला. फ्रॉक घेतला, बॅग काट्याला. दिवाळीनंतर दर दोन दिवसांनी ती बॅग वाशाला लटकायची आणि येणाजाणाऱ्याला थांबून आकडा ऐकावा लागायचा.

मग काकूंची डावी पोटरी सुजली. आधी वाटलं चालण्यानं सुजली असेल. नगरला मोठ्या डॉक्टरकडं नेलं. पायात रक्ताची गाठ निघाली. डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या दिल्या, वेळेवर घ्यायच्या, रक्त तपासत राहायचं. आणि एवढ्या लांब विमानात बसून जायचं नाव काढायचं नाही असं बजावलं. प्रकाशला इकडं यायला अजून दोन वर्षं सुट्टी नाही. म्हणजे मार्ग एकच राहिला. काकांनी एकट्यानं जायचं.

काकूंनी तेच सांगितलं. "तुमी जावा. तिकीट आलंय. सरू हाय भिताडापलीकडं, ती बघंल माझ्याकडं."

"बघू," काका म्हणाले. एवढा छोटा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

काका बाहेर गेल्यावर काकू माझ्याजवळ रडल्या. पाय दुखतो म्हणून नव्हे. "वर्षभर त्या पोरीचं नाव घेऊन जगत्यात गं ते. माझ्या पायापायी ऱ्हायलं तर मला कसं सोसंल? ही गाठ परवडली."

दोन दिवस काकांनी कशाचंच वजन केलं नाही. तिसऱ्या दिवशी सुरू झालं ते भलतंच. दुकानात म्हणाले, तिकडची उकड म्हणजे निव्वळ खळ, पोस्टर चिकटवायची. ओट्यावर म्हणाले, तिकडं वेळ जाता जात नाही, माणसाला माणूस नाही. ज्या तळ्यात मुळा धरण चूळ भरत होतं त्याला आता वास यायला लागला.

मला एवढा संताप आला की भाकरी करपली. पोरानं स्वतःची खाट दिली आणि पाच आठवडे स्वतः सतरंजीवर झोपला, हे मला काकूंनी सांगितलेलं. त्या पोराच्या घराला हा माणूस आता नावं ठेवत होता. मी ओळखलं, बायकोशिवाय एकट्यानं विमान बदलायची छाती नाही, म्हणून द्राक्षं आंबट. उभ्या जन्मात काकूंनी हातात दिल्याशिवाय ह्यांना रुमाल सापडलेला नाही. भोंग्याला आवाज असतो, जीव नसतो.

त्या रविवारी साक्षीच्या वेळेला काका उभे राहिले. पाळकसाहेबांनी घड्याळात बघितलं. पेटीवाला सरसावून बसला.

"प्रभूच्या नावानं सगळ्यांना सलाम," काका म्हणाले. "मालावीत मला करमलं न्हाई. तिथलं अन्न मला मानवलं न्हाई. नात हाय, पन ती तिकडची झाली. तिला माझी वळख न्हाई, मलाबी तिची लई वढ न्हाई. मला परत जायाचं न्हाई. देवानं मला राहुरीत ठिवलं, म्हनून त्याचे आभार मानतो."

एवढं बोलून ते बसले. एक मिनिटसुद्धा झालं नव्हतं. पेटीवाल्याचे हात तसेच वर राहिले. आमेन कुणीच म्हटलं नाही. बायकांच्या बाजूला काकू पाय लांब करून खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांचं तोंड लाल झालं होतं. बाहेर आल्यावर एक म्हातारे गृहस्थ काकांना म्हणाले, "दानियल, पोटच्या पोराबद्दल असं देवाच्या घरात बोलत्यात व्हय?" काका चप्पल शोधत राहिले. मी मुद्दाम त्यांच्या अंगावरून गेले आणि सलाम केला नाही. माझ्यासारखीनं ह्यापेक्षा जास्त काय करायचं?

बुधवारी दुपारी मी मागच्या अंगणात गोधड्या वाळत घालत होते. मधली भिंत खांद्याएवढी आहे. पलीकडं काका कपडे धुवायच्या दगडावर बसले होते, माझ्याकडं पाठ करून. कानाला मोबाईल. ते हळू बोलत होते. ह्या माणसाला हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

"न्हाई, प्रकाश, तिकीट माघारी कर. तू आईला काय बोलू नगंस. तिला वाटतंय, मला तिकडं आवडलं न्हाई. तसंच ऱ्हाऊ दे." मग बराच वेळ ते ऐकत होते. "आरं, गोळ्या चुकल्या तर? रातचं उठाय लागतं तिला. शेजारनीवर टाकून जाऊ? ... आन मी जातो म्हनलो, तरी ती हितं एकटी पडंल. न्हाई जात म्हनलो, तर झुरंल. म्हनून तसं सांगितलं. सगळ्यांच्या म्होरं सांगितलं, म्हंजी आता कोनी मला जा म्हननार न्हाई."

मी ओली गोधडी हातात धरून उभी. पाणी पायावर गळत होतं.

मग त्यांनी आवाज बदलला. पलीकडं पोर आली असणार. "एस्तेर? ... नो कम. का नो कम. बिझी." ती काहीतरी पुष्कळ बोलली. त्यांना त्यातलं किती कळलं देव जाणे. ते नुसते मान हलवत होते, जणू तिला ती मान दिसत होती. "मी हाय," ते म्हणाले. "हितंच हाय बाळा."

फोन ठेवून वळले तर समोर मी.

"ऐकलंस?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"ऐकलंस." ते दगडावरून उठले नाहीत. "सरू, तीस वरसांत एक गाडी मी चुकीच्या फलाटावर पुकारली न्हाई. एक न्हाई. आन रविवारी देवाच्या म्होरं उभा ऱ्हाऊन..." दहा आज्ञा आम्हाला लहानपणी पाठ करून घेतलेल्या असतात. आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. त्यांनी तर नातीविरुद्ध दिली होती. "तिला रागावू दे माझ्यावर," ते म्हणाले. "रागात असली की बरी असती ती. वाईट वाटून घेतलं की जेवत न्हाई."

मी गोधडी पिळली आणि घरात गेले.

संध्याकाळी मी काकूंकडं कालवण घेऊन गेले. काका बाहेर उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होते. काकू आत खाटेवर होत्या. त्यांनी मला जवळ बसवलं आणि माझा हात धरला.

"सरू, तू गप असतीस, पर खोटं बोलायची न्हाईस. मला एक सांग. ह्यांना खरंच जायाचं न्हाई, का माझ्यामुळं ऱ्हायलेत?"

खाटेखाली भरलेली बॅग तशीच होती. मी तिच्याकडं बघायचं टाळलं.

"त्यांना न्हाई जायाचं, काकू," मी म्हटलं. "मला म्हनले, तिकडं डोकं उठतं." बोलायची सवय नसली की एकदा सुरू झालं की थांबता येत नाही. "पानीबी मानवत न्हाई म्हनले. आन तिकडच्या खाटेनं पाठ धरती म्हनले."

काकूंनी माझ्याकडं नीट बघितलं. मी कालवणाच्या भांड्याकडं बघितलं. त्यांनी माझा हात सोडला, पदर खोचला आणि उशीला टेकून ताठ बसल्या.

"म्हंजी दोष त्यांचाच हाय," त्या म्हणाल्या. किती दिवसांनी त्यांचा आवाज असा खणखणीत निघाला. "अहो! ऐकलं का! लेकरानं खाट दिली तुमाला, आन तुमची पाठ धरती व्हय? घरी काय पलंगावर झोपत हुता का? पोरगं उपाशी ऱ्हाऊन दुसऱ्याची सेवा करतंय, आन बापाला पानी मानवत न्हाई!"

"ऐकतोय," काका बाहेरून म्हणाले.

"ऐकून काय उपेग? नातीची वढ न्हाई म्हनं! दगड हाय का काय छातीत?"

मी ताट वाढलं. बोलता बोलता काकूंनी भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि दोन घास खाऊन पुन्हा सुनवायला लागल्या. त्यांनी काकांचं सगळं आयुष्य काढलं. काका मान खाली घालून लसूण सोलत होते. अर्धी भाकरी संपली तशी काकूंना दम लागला. त्या थांबल्या आणि ताटाकडं बघत राहिल्या. हात ताटातच थांबला.

काकांनी पाकळी वाटीत टाकली.

"आन डासबी लई हुते तिकडं," ते म्हणाले.

"डास!" काकूंनी पुढचा घास उचलला. "आता डास का?"